चांगुणेच्या डोळ्यांत पाणी का नाही? देवाधर्माच्या गोष्टींतलं दुःख

कसब्यातला (मूळ लेख), सोमवार, रात्री १०:४०

चिलया बाळाच्या गोष्टीबद्दल लिहायचं किती दिवस मनात होतं. आज आईने अध्याय वाचला आणि पुन्हा तसंच झालं, म्हणून लिहायला बसलो.

श्रावणातल्या एका सोमवारी आमच्याकडे शिवलीलामृताचा चौदावा अध्याय होतो. आई ८४ वर्षांची आहे. पोथीवर भिंग धरते, पण अर्धा अध्याय पाठच असल्यामुळे भिंग नुसतं हातात असतं. वाड्याच्या जागी इमारत झाली तरी जुन्या शेजारणींपैकी दोघी-तिघी अजून येतात. खाली भाजीवाल्याची ओरड, पावसाची पिरपिर आणि वर आईचा एकसुरी आवाज.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. श्रियाळ राजा आणि चांगुणा राणी यांचं व्रत असं की दारी आलेल्या अतिथीला विन्मुख पाठवायचं नाही. शंकर अतिथी होऊन येतो आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं, चिलयाचं, मांस मागतो. ते दोघं तेही रांधतात. चांगुणा आई आहे, मुलाचं डोकं तेवढं बघायला म्हणून बाजूला ठेवते. अतिथीला ते कळतं. तो म्हणतो, ते उखळात घालून कांड, कांडताना गाणं म्हण आणि डोळ्यांतून टिपूस काढू नकोस. चांगुणा कांडते. मग पान वाढल्यावर तो म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. ती हाक मारते आणि चिलया धावत येतो.

माझा मोठा भाऊ मी जन्मायच्या आधी गेला. सहा वर्षांचा होता. चार दिवसांच्या तापाने गेला. त्याचा घरात एकच फोटो आहे, बगीच्यात लाकडी घोड्यावर बसलेला. आई त्याच्याबद्दल बोलत नाही. पण हा अध्याय ती दरवर्षी वाचते. उखळापाशी आलं की शेजारणी डोळ्यांना पदर लावतात. आई लावत नाही. मला समजायला लागल्यापासून मी हे बघतोय.

जिचं मूल गेलं त्या बाईने ही गोष्ट का वाचावी? आणि याहून मोठा प्रश्न, आपल्या गोष्टींतल्या प्रत्येक थोर माणसाला असं भाजून का निघावं लागतं? हरिश्चंद्र स्मशानात डोंबाच्या घरी राबतो आणि स्वतःच्या मुलाच्या प्रेतासाठी तारामतीकडे कर मागतो. रामाला चौदा वर्षं. दधीची ऋषी स्वतःची हाडं देतो. ज्या राजाने भरल्या कोठारातून धान्य वाटलं आणि सुखाने म्हातारा झाला, त्याची पोथी कुणी का लिहिली नाही?

जाणकारांनी लिहावं, आणि जाणकार नसलेल्यांनी तर जरूर लिहावं.

रानवाट, सोमवार, रात्री ११:१५

वाचून सुन्न झाले. आमच्याकडे सांगलीला ही गोष्ट आजी सांगायची आणि हाकेपाशी आली की थांबून आमच्या तोंडाकडे बघायची. चिलया येणार हे ठाऊक असूनही जीव कंठाशी यायचा.

ग्रंथसंगत, मंगळवार, सकाळी ७:५०

धागा आवडला. माझं मत थोडं वेगळं आहे. आपण या सगळ्यांना एकाच माळेत ओवतो, पण मुळातून वाचलं तर प्रत्येकाचं दुःख वेगळ्या कारणासाठी आहे.

शिबीची गोष्ट बघा. महाभारताच्या वनपर्वात ती एके ठिकाणी उशीनर राजाच्या नावावर येते, दुसरीकडे त्याच्या मुलाच्या, शिबीच्या. कबुतर मांडीवर येऊन पडतं. मागोमाग ससाणा येतो. ससाण्याचं म्हणणं आपण सांगताना गाळतो. तो म्हणतो, तू एका जिवाला वाचवतोस, पण माझा घास काढून घेतोस. मी मेलो तर माझी बायकापोरं मरतील. हा कसला धर्म? आणि राजा त्याला खोटं पाडत नाही. ससाण्याची भूक खरी आहे हे तो मान्य करतो. मग ती भागवायची कशातून? दुसऱ्या कुठल्या प्राण्यातून भागवली तर नुसती भरपाईची जागा बदलली. म्हणून तो स्वतःच्या मांडीचं मांस कापून तराजूत टाकतो. कबुतर जडच होत जातं. शेवटी राजा स्वतः पारड्यात बसतो. दोन खरे हक्क समोरासमोर आले की त्यांच्यामधली तूट कुणीतरी सोसावी लागते, एवढंच त्या गोष्टीचं म्हणणं आहे असं मला वाटतं.

दधीचीचंही तसंच. वृत्रासुराला मारायला वज्र हवं, वज्राला हाडं हवीत, आणि ती मागायला देव येतात. तो स्वतःची देतो.

कर्णाबद्दल मात्र एक दुरुस्ती. लोक म्हणतात त्याने कवचकुंडलं निरपेक्षपणे दिली. सूर्याने स्वप्नात येऊन त्याला आधीच सावध केलं होतं. देऊ नकोस, आणि दिलीसच तर बदल्यात अमोघ शक्ती माग. कर्णाने ती मागून घेतली. शिवाय सूर्याला त्याने सरळ सांगितलं की जीव गेला तरी चालेल, कीर्ती जाता कामा नये. म्हणजे त्याच्या त्यागात हट्ट आहे, अभिमान आहे. मला त्यामुळेच तो जवळचा वाटतो. अंगाला चिकटलेलं कवच शस्त्राने सोलून काढताना माणसाच्या मनात थोडी कीर्तीची हाव असली, तर ती मी तरी माफ करेन.

मुळशीची लेक, मंगळवार, दुपारी २:०५

मी पोथीतलं सांगू शकत नाही. जात्यावरचं सांगते.

माझी आजी मुळशीच्या डोंगरातल्या गावची. पहाटे जात्यावर बसली की पहिली ओवी देवाला आणि मग सीतेला. त्या ओव्यांत सीतेला छळणारी कैकेयी ही साधी सासू असते, आमच्या गावातली कुठलीही असावी तशी. आणि आजी म्हणायची,

राम म्हणू राम, नाही सीतेच्या तोलाचा
हिरकणी सीताबाई, राम हलक्या दिलाचा

कीर्तनात हे कुणी म्हणेल का? पण जात्यावर बायका म्हणायच्या, कारण तिथे ऐकायला फक्त बायका असायच्या. दुसऱ्या एका ओवीचा अर्थ असा की सीतेला इतका सासुरवास झाला, इतका झाला, की तिने तो देशोदेशीच्या बायकांत थोडा थोडा वाटून दिला. माझ्या वाट्याला आला तो त्यातलाच. आजी हे म्हणताना रडत नसे. दोन्ही हातांनी खुंटा धरून जातं ओढत असायची.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी गावोगावच्या अशा ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्यात सीता पानोपानी भेटते.

आता माझं. मी सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं अकरा वर्षं केलं. कूस बदलणं, पाठीला पावडर, रात्रीत तीनदा उठणं. येणारा-जाणारा म्हणायचा, सीतामाई आहेस हो. पहिल्यांदा बरं वाटलं. नंतर कळलं की एकदा सीतामाई म्हटलं की मला थकायची सोयच उरली नाही. नणंदेला सांगावं की महिनाभर तू ने, तर तोंडातून शब्द फुटेना. सीता कुठे असं म्हणते? म्हणून मला नायक-नायिकांच्या दुःखाची गोष्ट कोण कुणाला सांगतंय हे फार महत्त्वाचं वाटतं. जात्यावर आजीने ती स्वतःसाठी सांगितली. माझ्या दिवाणखान्यात पाहुण्यांनी ती माझ्यावर लादली. गोष्ट एकच.

कसब्यातला, मंगळवार, रात्री ९:३०

ताई, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती फक्त म्हणाली, "अकरा वर्षं." मग बराच वेळ गप्प होती.

उरुवेला, मंगळवार, रात्री ११:००

आमच्या घरची गोष्ट उलटी आहे, म्हणून लिहितो. सिद्धार्थाने सहा वर्षं देहाला जाळलं. बरगड्या मोजता येतील इतकं अंग झिजलं. आणि मग त्याला कळलं की याने काही हाती लागत नाही. सुजातेने दिलेली खीर त्याने खाल्ली. बरोबरचे पाच जण, हा भ्रष्ट झाला म्हणून सोडून गेले. पुढे सारनाथला पहिला उपदेश त्या पाच जणांनाच केला आणि त्यात पहिली गोष्ट सांगितली ती मध्यम मार्गाची. दुःख आहे हे पहिलं सत्य, पण ते मुद्दाम ओढवून घेण्यात पुण्य आहे असं त्यात कुठेही नाही. मी लहान असताना वडील खिरीची गोष्ट सांगायचे तेव्हा खिरीच्या वाटीवर भर द्यायचे.

तरी आमच्याकडेही चिलया आहेच. वेस्संतर जातक, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या एका जन्माची गोष्ट. दान मागेल त्याला नाही म्हणायचं नाही असा राजपुत्र. वनात असताना एक म्हातारा ब्राह्मण त्याची मुलं मागतो, जाली आणि कण्हाजिना. मुलं घाबरून तळ्यात कमळांच्या पानांखाली लपतात. बाप त्यांना हाक मारून बाहेर बोलावतो आणि देऊन टाकतो. ब्राह्मण त्यांना वेलीने बांधून मारत नेतो. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ही कथा भिंतीवर रंगवलेली आहे.

मूळ धाग्यातला प्रश्न जुना आहे, दादा. 'मिलिंदप्रश्न' या जुन्या बौद्ध ग्रंथात मिलिंद राजा भिक्खू नागसेनांना नेमकं हेच विचारतो. मुलं रडत होती, त्यांना दुःख झालं, मग हे दान चांगलं कसं? नागसेन लांबलचक उत्तर देतात, दानाची बाजू घेतात. माझं समाधान त्या उत्तराने होत नाही. पण प्रश्न ग्रंथातच लिहून ठेवला, पुसला नाही, याचा मला अभिमान वाटतो. आणि जातकातला एक तपशील: मुलं गेल्यावर वेस्संतर पर्णकुटीत जाऊन रडतो. त्याला कुणी रडायची बंदी केलेली नाही.

स्पष्ट बोलते, बुधवार, सकाळी १०:२०

मला राग आलाय, तो तसाच लिहिते. दधीची आणि शिबी यांनी स्वतःचं दिलं. श्रियाळ आणि वेस्संतर यांनी मुलांचं दिलं. हरिश्चंद्राने बायकोला विकलं. या दोन्हींना आपण त्याग हाच शब्द वापरतो आणि तिथेच घोळ आहे. बापाच्या व्रतासाठी मूल, नवऱ्याच्या सत्यासाठी बायको. वचन एकाचं आणि अंग दुसऱ्याचं. चिलया परत येतो म्हणून सगळं गोड होत नाही. खऱ्या घरात तो परत येत नाही.

कसब्यातला, तुमच्या आईंना दुखावायचा हेतू अजिबात नाही.

दख्खनवाट, बुधवार, दुपारी १:४०

अवांतर, पण उपयोगी पडेल. चिलयाची गोष्ट आपल्याकडे दक्षिणेकडून आली. तमिळ शैव संतांमध्ये सिरुत्तोंडर नावाचे एक आहेत. १२व्या शतकात सेक्किळार यांनी या संतांची चरित्रं काव्यात लिहिली, त्यात हीच कथा आहे. मुलाचं नाव सिराळन. कन्नड मुलखात त्या भक्ताचा सिरियाळ झाला, आपल्याकडे श्रियाळ. श्रीधरस्वामींनी १७१८ मध्ये बारामतीला शिवलीलामृत पूर्ण केलं तोवर गोष्ट चांगलीच रुळलेली होती.

आता यातली मला अस्वस्थ करणारी बाब. हे सिरुत्तोंडर आधी पल्लवांचे सेनापती होते असं चरित्रात येतं. वातापी, म्हणजे आपल्या चालुक्यांची बदामी, लुटली गेली त्या मोहिमेत ते होते. युद्धात दुसऱ्यांची किती मुलं गेली असतील. मग तो माणूस शस्त्र ठेवून रोज एका अतिथीला जेवू घालायचं व्रत घेतो, आणि एक दिवस देव दारात येऊन त्याचंच मूल मागतो. चरित्रकाराने हा धागा जोडलेला नाही, मी जोडतोय. पण एकदा जोडल्यावर तो मनातून जात नाही.

जुनी गल्ली, बुधवार, रात्री ८:१५

रडण्यावरून आठवलं. मी कॅम्पातल्या गल्लीत वाढलो. मोहरमला आमच्या कोपऱ्यावर सबील लागायची, सरबताची. करबल्यात इमाम हुसेन आणि त्यांच्या माणसांचं फुरात नदीचं पाणी तोडलं होतं, लहान मुलांचंसुद्धा. हिजरी ६१, मोहरमची दहावी. त्या तहानेची आठवण म्हणून रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही पाणी द्यायचं. अब्बा म्हणायचे, नाव विचारायचं नाही, पेला पुढे करायचा. मी सात-आठ वर्षांचा असेन, पेले विसळायचं काम माझ्याकडे होतं. हात गार पडायचे. घरात मरसिया, म्हणजे करबल्याची शोकगीतं, म्हणताना बायका मोठ्याने रडायच्या आणि त्याची कुणाला लाज वाटत नसे. रडण्यासाठीच जमायचं असतं.

पूर्वेचा घंटानाद, बुधवार, रात्री १०:५०

जुनी गल्ली, आपण शेजारीच असणार. आमच्याकडे उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते. ख्रिस्ताने वधस्तंभावरून उच्चारलेली सात वाक्यं, एकेकावर थांबत. चौथ्या वाक्याला माझ्या अंगावर अजून काटा येतो. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ज्याला आम्ही देव मानतो तो हे म्हणतो. आणि आदल्या रात्री बागेत त्याने प्रार्थना केली होती की शक्य असेल तर हा प्याला टळू दे. म्हणजे त्याला ते नको होतं. दुःखाची हौस नव्हती.

माझी बहीण तीन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली. शेवटच्या महिन्यात भेटायला येणारे तिला धीर धर, देवाची इच्छा म्हण, असं सांगायचे. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, मला चौथं वाक्य वाच." मी वाचलं. तिला झोप लागली.

इंद्रायणीकाठ, गुरुवार, सकाळी ६:३०

देहूचा आहे, तुकोबांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतः अभंगात लिहून ठेवलंय. मुलगा गेला. सावकारी बुडाली. आणि मग म्हणाले, "बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥"

हा अभंग लोक दुसऱ्याच्या दुःखात त्याच्या तोंडावर फेकतात तेव्हा मला सहन होत नाही. तुकोबांनी बरं झालं म्हटलं ते स्वतःच्या दिवाळ्याला. दुष्काळात पोळलेल्या शेजाऱ्याला त्यांनी काय दिलं? आमच्याकडे सांगतात की घरातली कर्जाची खतं काढली, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. ज्याला स्वतःला पोटाची आग कळली त्याने दुसऱ्याच्या मानेवरचा फास सोडला. त्यांचं सोसणं मला तिथे दिसतं.

मुक्ताईनेही ज्ञानोबांना तेच सांगितलं. लोकांनी छळलं म्हणून भाऊ ताटी लावून आत बसला, तेव्हा ती बाहेरून म्हणते, "विश्व रागें झालें वन्ही, संतीं सुखें व्हावें पाणी." आईबापांना समाजाने प्रायश्चित्त म्हणून देह टाकायला लावलेली ही पोरं. ती हे म्हणू शकते, कारण आग तिच्याही घराला लागली होती.

नाना पेठ, गुरुवार, दुपारी ३:१०

स्पष्ट बोलते यांच्या मुद्द्याला धरून एक. आषाढात तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळात दोन रात्री असते. आम्ही काही जण वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायला जातो. यंदा एक आजी होत्या, परभणीकडच्या. टाचेला रुपयाएवढा फोड, फुटलेला, त्यात माती. मी डेटॉलने पुसताना त्यांनी तळवा आकसला. मी म्हटलं, आजी, उद्या लोणी काळभोरपर्यंत गाडीने जा. त्या हसल्या. "बाळा, मला कुणी धाडलंय का? मीच निघालेय ना." आणि दुसरा पाय पुढे केला.

त्यांच्याच दिंडीत एक सून होती, तिला दम लागत होता. तिला मात्र आजींनी दरडावून टेम्पोत बसवलं.

स्पष्ट बोलते, गुरुवार, संध्याकाळी ५:००

नाना पेठ, ही दुसरी ओळ लिहिलीत म्हणून आभार. मला जे म्हणायचं होतं ते त्या टेम्पोत आहे.

मुळशीची लेक, गुरुवार, रात्री १०:१०

सगळे प्रतिसाद वाचून मनात आलं ते लिहिते. करबल्यात रडायचं असतं. वेस्संतर रडतो. ख्रिस्त ओरडतो. मग चांगुणेलाच बंदी का? मला वाटतं तिला रडू दिलं असतं तर ऐकणाऱ्या बायकांना काम उरलं नसतं. तिचं रडणं त्या सगळ्या मिळून करतात. शेजारणी डोळ्यांना पदर लावतात तो तिच्या वतीने. माझी आजी जातं ओढायची आणि पलीकडची काकू डोळे पुसायची, तसंच.

कसब्यातला, तुमच्या आई रडत नाहीत कारण त्या ऐकणाऱ्यांत नसतात. त्या उखळापाशी असतात.

कसब्यातला, पुढचा सोमवार, रात्री ११:२०

आठवडाभर काही लिहिलं नाही. मुळशीच्या ताईंचं शेवटचं वाक्य वाचून फोन उलटा ठेवला होता.

स्पष्ट बोलते यांचं म्हणणंही आईला सांगितलं, खऱ्या घरात मूल परत येत नाही हे. मला भीती वाटत होती. ती म्हणाली, "बरोबर बोलतीय ती पोरगी. श्रियाळाचा मला अजून राग येतो." इतकी वर्षं पोथी वाचणारी माझी आई हे म्हणाली. मग म्हणाली, "पण चांगुणेला हाक मारायला मिळते. मला तर डॉक्टरांनी खोलीबाहेर बसवलं होतं."

हे मला ५३ वर्षांत माहीत नव्हतं.

आज तिचे डोळे फार दुखत होते, म्हणून चौदावा अध्याय पुन्हा वाचायला काढला तेव्हा पोथी माझ्याकडे दिली. शेजारणी नव्हत्या, आम्ही दोघंच. उखळापर्यंत मी कसंबसं वाचलं. पुढे अक्षरं दिसेनात. आई पाटावर बसलेली, हात मांडीवर. तिने माझ्या हाताला हात लावला आणि म्हणाली, "थांब. हाकेच्या ओव्या मी म्हणते. तो आला की पुढचं तू वाच."

तिने म्हटल्या. पाठच आहेत तिला. मग मी वाचलं.